नऊ नंबरच्या चेंबरमधले तीन ठोके

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर वाद नको. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि गंमत म्हणजे आजही नाही. आमचे बाबा मूळचे रत्नागिरीकडचे, पण घरात कोणाच्या अंगात आलं, कोणावरून नारळ उतरवला, असलं काही चालायचं नाही. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ एवढंच म्हणायचे आणि पेपरात डोकं खुपसायचे. मी स्वतः सिव्हिलचा डिप्लोमा केलाय. या सदरात येणारी पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाखालची बाई वगैरे मी सकाळच्या चहाबरोबर वाचते आणि हसते. तेव्हा तुम्हाला माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा... माझं काही जात नाही. पण जे झालं ते भर उन्हात, सकाळी अकराच्या सुमारास झालं, समोर फरसाणचं दुकान उघडं होतं, आणि तिथे मी एकटी नव्हते.

सव्वीस जुलैच्या पावसाने सगळ्यांची झोप उडवली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, मीरा रोडलाच राहत होते आणि एका छोट्या सर्व्हे कंपनीत कामाला होते. कंपनी आता बंद पडली, म्हणून नाव सांगत नाही, आणि चालू असती तरी सांगितलं नसतं. आमच्याकडे काम आलं होतं मीरा-भाईंदरच्या काही भागातल्या गटारांची यादी करायचं. कुठली लाइन किती जुनी, कुठे गाळ साचतो, कुठला पाईप बदलायला हवा, पावसाळ्याआधी कुठे मशीन पाठवायची आणि कुठे माणूस उतरवायचा... असा सगळा देखभालीचा आराखडा.

आता तुम्ही म्हणाल, नकाशा असेलच की! कसला नकाशा? इथे आधी मिठागरं आणि शेतं. मग बिल्डर आले. प्रत्येकाने आपापल्या गेटपर्यंत पाईप टाकले आणि पुढचं खाडी बघून घेईल म्हणून हात झटकले. पावसाळी गटारात बिल्डिंगच्या बाथरूमचं पाणी सोडलेलं, त्यात मागच्या गल्लीतल्या भांडी पॉलिश करणाऱ्या कारखान्यांचं पाणी. झाकणांवर डांबर, डांबरावर पेव्हर ब्लॉक, त्यावर कोणाची तरी मारुती पार्क केलेली. कुठलं गटार कुठे जातं हे देवाला ठाऊक, आणि देवाने सही करून दिलेली नव्हती.

म्हणून आम्ही ठोकून शोधायचो. ही पद्धत पास्कलकाकांची. पास्कलकाका आमचे मुकादम, तारोडीचे. तरुणपणी होडीवर होते, मग कंबर गेली तसे जमिनीवर आले. त्यांच्याकडे समुद्रात दाट धुकं पडलं की होड्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून डबा बडवायचे. एक ठोका म्हणजे मी इथे आहे. दोन म्हणजे ऐकलं, ये. तीन म्हणजे जवळ येऊ नको, मागे फिर. तीच भाषा काकांनी गटारात आणली. एका चेंबरच्या भिंतीवर पहारीने एक ठोका मारायचा. पुढच्या चेंबरपाशी आपला माणूस कान लावून बसलेला असायचा. त्याला ऐकू आलं की त्याने दोन मारायचे. दोन आले की लाइन जोडलेली, लिहा रजिस्टरमध्ये. आणि कोणाला खाली उतरवायचं असेल तर आधी एक ठोका मारून थोडं थांबायचंच.

“खाली कोणी नसताना कशाला ठोकता?” मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

“रीत हाय,” काका म्हणाले. “दुसऱ्याच्या घरात शिरताना कडी वाजवता का न्हाय?”

दुसरा माणूस दत्तारामदादा. माणगावकडचे, चाळिशीतले, खाली उतरण्यात पटाईत. बोलायला एकदम खट्याळ. मी नाकाला ओढणी लावली की म्हणायचे, “मॅडम, सवय करा, लग्नानंतर कोकणातली सुकी मच्छी तळायची हाय तुम्हाला.” मी म्हणायचे, “दादा, मी रत्नागिरीची, मला काय सुकी मच्छी शिकवता!” असं आमचं चालायचं. उन्हात, वासात, माशांमध्ये दिवसभर राहायचं तर हसल्याशिवाय होत नाही.

तर सिल्व्हर पार्कच्या मागच्या बाजूला एक लाइन होती. आठ चेंबर सरळ मिळाले. नववाही मिळाला, फरसाणवाल्याच्या बरोबर समोर. दहावा काही सापडेना. दत्तारामदादा पुढे गेले, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ब्लॉक ठोकत ठोकत झाकण शोधायला. मी आणि काका नऊ नंबरवर. काकांनी एक ठोका मारला.

थोड्या वेळाने खालून आवाज आला. ठक. ठक. ठक.

तीन.

मला वाटलं, दादांना दहावा चेंबर सापडला आणि मस्करी चाललीय. आमच्या फॉर्ममध्ये दोनच रकाने होते, ‘जोडलेलं’ आणि ‘न जोडलेलं’. आवाज आला ना? मग जोडलेलं. मी पेनाने टिक मारून मोकळी झाले. आणि पाच मिनिटांनी दत्तारामदादा आले... रस्त्याच्या भलत्याच बाजूने, हातात तीन कटिंग चहा घेऊन.

“सापडला दहावा?” मी विचारलं.

“कुठला! पार्किंग पालथं घातलं. वॉचमन बोलला, इधर कुछ नहीं है, गाडी मत हिलाओ.”

“मग ठोकलं कोणी?”

“कोणी ठोकलं? मी तर टपरीवर होतो.”

काकांनी चहा संपवला, ग्लास उलटा ठेवला आणि मग म्हणाले, “मॅडम, तीन आला. तीन लिवा.”

“काका, फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही.”

“मंग बाजूला लिवा.”

मी लिहिलं नाही. पेनाने मारलेली टिक खोडायची तर नवीन पान भरावं लागलं असतं, आणि साहेबांना संध्याकाळी शीट हवी होती. आमचे टीम लीडर, आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. खाडाखोड बघितली की ते सगळ्यांसमोर लाज काढायचे. शिवाय काय लिहिणार होते मी? गटारातून कोणीतरी उत्तर दिलं म्हणून? मी शीट तशीच दिली. ही चूक माझी, आणि ती मी कोणाच्या गळ्यात घालणार नाही.

त्या टिकमुळे दुसऱ्या दिवशीचं काम ठरलं. साहेब म्हणाले, नऊ आणि दहा जोडलेले आहेत ना, मग माणूस नऊमधून उतरेल, पाईपमधून वीसेक फूट पुढे सरकेल आणि दहावा कुठे आहे ते खालून सांगेल. पाईप मोठा होता, वाकून जाता येईल एवढा. काकांनी तिथी मोजली. सप्तमी होती, अकरानंतर पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, तेव्हा खाडीचं पाणी मागे येणार नाही. सगळं नीट जमलं होतं.

साहेब स्वतः आले होते, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना हा आराखडा पालिकेत दाखवायचा होता. झाकण उघडून अर्धा तास झाला होता. झुरळं निवांत फिरत होती, म्हणजे हवा ठीक, असा आमचा शास्त्रीय हिशोब! हसू नका, तेव्हा सगळीकडे हेच चालायचं. वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडत होत्या, “भैया, बंद करो ना, खाना नहीं खाया जाता!” फरसाणवाले शेठ म्हणाले, “बेन, जल्दी करो ने, घराक पाछा जाय छे.” त्यांचं गिऱ्हाईक परत जात होतं. दत्तारामदादांनी कमरेला दोर बांधला, लुंगी खोचली, एक पाय आतल्या लोखंडी पायरीवर ठेवला.

काकांनी रीतीप्रमाणे एक ठोका मारला.

ठक. ठक. ठक.

या वेळी आम्ही चौघांनीही ऐकलं. साहेब, काका, मी आणि दादा. दादांचा तर पाय पायरीवर होता. ते म्हणाले, “आयला, तळव्याला ठोके लागले!”

काकांनी दादांचं बखोट धरून त्यांना वर ओढलं.

“काय झालं?” साहेब म्हणाले. “इको आहे तो.”

“साहेब, आपण एकच मारला,” मी म्हटलं. “एकाचे तीन कसे होतील?”

“पाईपमध्ये होतं तसं. परत मारा.”

मी काकांच्या हातातून पहार घेतली आणि स्वतः मारला. एक. तीन आले. मग मी मुद्दाम दोन मारले. इको असेल तर चार येतील, सहा येतील, काहीतरी बदलेल की नाही? तीनच आले. तेवढेच सावकाश, दोन ठोक्यांत तेवढंच अंतर. मग मी पहार खाली ठेवली आणि कोणी काहीच मारलं नाही... आणि खालून परत तीन आले.

खोटं कशाला बोलू, घाबरले मी. पण त्याहून जास्त मला स्वतःची चीड आली. कालसुद्धा तीनच आले होते आणि मी त्याला टिक मारली होती.

“दादा, तुम्ही उतरायचं नाही,” मी म्हटलं.

साहेबांचा पारा चढला. “सुशिक्षित आहात ना तुम्ही? त्या मुकादमाच्या नादी लागून तमाशा करताय? दहा मिनिटांचं काम आहे. दत्ताराम, उतर.”

आणि दत्तारामदादा निघालेही! ही गोष्ट मला आजही टोचते. मला हळूच म्हणाले, “मॅडम, जाऊ द्या. मी नाय उतरलो तर उद्या दुसऱ्याला आणतील. तो नवीन असेल, त्याला पायरी पण नाय सापडायची. मला तरी लाइन माहिती हाय.”

मी सरळ चेंबरच्या तोंडावर बसले. खाली पाय सोडून, पंजाबी ड्रेसमध्ये, भर रस्त्यात. म्हटलं, “आता मला ढकलून उतरवा कोणाला उतरवायचं ते.”

साहेब ओरडले, फोन लावला, कोणाला तरी माझं नाव सांगितलं, माझी नोकरी गेल्याचं जाहीर केलं. गॅलरीतल्या बाई आणखी दोघींना घेऊन आल्या. शेठ म्हणाले, “बेन, उठो ने, सारुं नथी लागतुं.” चांगलं दिसत नाही म्हणे. मला लाज वाटत होती, डोळ्यांत पाणी येत होतं, पण मी उठले नाही. म्हटलं, नोकरी गेली तर गेली, घरी डाळभात आहे. काका माझ्या शेजारी उकिडवे बसून राहिले, दादांचा दोर स्वतःच्या मनगटाला गुंडाळून. किती वेळ गेला ते मी घड्याळात बघितलं नाही. पंधरा मिनिटं असतील, वीस असतील.

पहिल्यांदा नाक झोंबलं. गटाराच्या वासाची मला सवय होती, हा वेगळाच होता, घशात सुई टोचल्यासारखा. मग पायांना ऊब लागली. खाली बघितलं तर पिवळट धूर वर चढत होता. काकांनी मला काखेत धरून मागे खेचलं, माझी एक चप्पल आत गेली. शेठ खोकत खोकत शटर ओढत होते. साहेब रुमाल तोंडाला लावून पलीकडच्या फुटपाथवर पोचले होते, कसे पोचले ते कळलं नाही. दत्तारामदादा मात्र जागचे हलले नव्हते. त्या धुराकडे बघत उभे होते.

नंतर कळलं, मागच्या एका कारखान्याने भांडी धुवायच्या ॲसिडची टाकी मोकळी केली होती. नेहमीच करायचे म्हणे. त्यांचा पाईप गुपचूप नऊ नंबरमध्येच आणून सोडलेला होता, पार तळाशी, गाळाच्या आड, वरून दिसणार नाही असा. दादा तेव्हा पाईपमध्ये वाकून पुढे सरकत असते तर... पुढचं तुम्हीच समजा. ते लिहिण्याची माझी इच्छा नाही.

आता खरी गोष्ट ऐका, कारण मला भुतापेक्षा याचाच जास्त राग आहे.

संध्याकाळी साहेब एकदम मऊ झाले. मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, “रिपोर्टमध्ये लिहा, गॅस मीटरने धोक्याची सूचना दिली म्हणून काम थांबवलं. तुमचंच कौतुक होईल.”

“साहेब, मीटर होता कुठे?”

“यादीत आहे.”

यादीत होताच! सामानाच्या यादीत गॅस मीटर, मास्क, सगळं होतं. प्रत्यक्षात एक पहार, एक दोर आणि झुरळं. मी विचार केला... मीटरने वाचवलं असं लिहिलं की सगळं कसं छान, शास्त्रशुद्ध! कोणी काही विचारणार नाही. मग पुढच्या लाइनवर दत्तारामदादा परत तस्सेच उतरतील, मीटरशिवाय, कारण कागदावर मीटर काम करतोय. खोटं लिहिलं तर मी शहाणी ठरणार होते आणि खरं लिहिलं तर वेडी.

मी खरं लिहिलं. ‘खालून तीन ठोके ऐकू आले. आम्हा चौघांपैकी कोणीही खाली नव्हतं. मुकादमांच्या पद्धतीप्रमाणे याचा अर्थ मागे फिरा असा होतो. म्हणून माणूस उतरवला नाही. गॅस मीटर जागेवर नव्हता.’ आणि खाली सही केली, पूर्ण नावाने.

साहेबांनी ते न वाचताच फाईलला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत ते वाचलं गेलं. एक जण फिस्सकन हसला, मग सगळेच हसले. कोणीतरी म्हणालं, मॅडमना गटारातून फोन येतात. मी मान खाली घातली नाही. मग एक वयस्कर बाई होत्या तिथे, अधिकारी होत्या, त्यांनी चष्मा काढून विचारलं, “ते ठोक्यांचं राहू द्या. मीटर का नव्हता?” त्यानंतर कोणी हसलं नाही. साहेबांनी बरीच कारणं सांगितली. आराखड्यात त्या लाइनपुढे ‘माणूस उतरवू नये, फक्त मशीन’ असं लिहिलं गेलं, आणि हळूहळू दुसऱ्या लाइनींपुढेही. माझं काम त्या महिन्यातच सुटलं. असो. दुसरं मिळालं.

पावसाळ्याच्या तोंडावर तिथे मशीनने खोदलं. मी बघायला गेले होते, माझं काम नसतानाही. दहावा चेंबर सापडला, पार्किंगच्या कोपऱ्यात. नाही, आत सांगाडा-बिंगाडा काही नव्हता, निराश होऊ नका. जुना गाळ होता फक्त. आणि नऊ-दहाच्या मधला पाईप मधोमध बसलेला, गाळ आणि राडारोड्याने गच्च, उंदीरसुद्धा जाणार नाही असा. कितीतरी वर्षांपासून. म्हणजे ते दोन चेंबर जोडलेलेच नव्हते. माझी टिक साफ चुकली होती.

मग तीन कुठून आले? मी पुष्कळ डोकं लावलंय. कारखान्याच्या पाईपमधून आवाज आला असेल? टाकी सोडायच्या आधी व्हॉल्व्ह वाजत असेल? असेल बाबा! पण आदल्या दिवशी टाकी सुटली नव्हती. आणि व्हॉल्व्हला एकाचे तीन, दोनाचे तीन आणि काहीच नाही त्याचेही तीन असं मोजता येतं का? कोणी इंजिनीयर असेल तर मला समजावून सांगा, मी हात जोडून ऐकेन. फक्त ‘इको’ म्हणू नका. तो मी ऐकून कंटाळलेय.

पास्कलकाकांना मी एकदा तारोडीला जाऊन विचारलं होतं. सुकट वाळत घातलेली होती, तिच्याशेजारी बसून ते जाळं सांधत होते. “काका, कोण होतं हो ते?”

“मला काय ठाव?”

“तुम्हाला कधी वाटलं नाही विचारावं?”

“धुक्यात डबा वाजला तर कोन वाजवते ते इचारीत न्हाय बसत, मॅडम. आधी होडी वळवते.”

ते परत जाळं सांधायला लागले, आणि मला उत्तर काही मिळालेलं नाही. दत्तारामदादा आता माणगावला असतात, गणपतीला फोन करतात, नातवाचा आवाज ऐकवतात. मी तो ऐकते आणि दर वेळी मला तो दिवस आठवतो. खाली कोण होतं, काय होतं, मला माहीत नाही आणि कळेल असंही वाटत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या सकाळी वर आम्ही सगळे शहाणे उभे होतो, शिकलेले, सह्या करणारे, अनुभवी. दादांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोवर आमच्यातल्या एकानेही त्यांना ‘उतरू नका’ म्हटलं नव्हतं. ते म्हटलं खालच्याने.